आधी आकडा सांग

तुझा मेसेज दोनदा वाचला. पित्ताशयाच्या खड्यांच्या त्या बाईंनी "किती येईल?" विचारलं आणि तू "काउंटरवर विचारा" म्हणालीस. वर मला विचारतेस, पैसा थेट पेशंटच्या हातात दिला तर दर खाली येतील का?

सिंगापूरने १९८४ मध्ये मेडिसेव्ह आणलं, पगारातून कापून ज्याचं त्याचं आजारपणाचं खातं. अमेरिकेने २००३ मध्ये कायदा करून तसलीच खाती आणली. खातं काढणं सोपं गं. आकडाच कळला नाही तर खातेदार निवडणार काय, कपाळ? आधी आकडा.

रँड या अमेरिकन संशोधन संस्थेचा आरोग्य विम्याचा प्रयोग तुला पाठ आहे. काहींना उपचार फुकट, काहींना खर्चाचा वाटा स्वतःचा. खिशातून पैसे जायला लागल्यावर लोकांनी उपचार कमी घेतले. गरजेचे आणि बिनगरजेचे, दोन्ही. म्हणून आकड्याबरोबर "थांबलं तर काय होईल" हेही सांगायचं. ते डॉक्टरनेच, काउंटरवरच्या पोराने नाही. अपघातातला माणूस भाव करत नाही, मान्य. पण हर्निया, मोतीबिंदू, तुझे ते खडे? तिथे वेळ असतो.

मी स्वतः वीस वर्षं आकडा सांगितला नाही. डॉक्टरने पैशाचं बोलू नये, असं आमच्यात होतं. एका हर्नियावाल्याची मुलगी ॲडमिशनच्या दिवशी कानात सोन्याच्या रिंगा घालून आली होती. डिस्चार्जला त्याच भोकांत झाडूच्या काड्या. बिल वाजवी होतं, आजही सांगतो. भूलतज्ज्ञ, जाळी, खोली, एक पैसा जास्त लावला नव्हता. आधी सांगितलं असतं तर ते सिव्हिलला गेले असते, आणि माझ्या डोक्यावर ऑपरेशन थिएटरच्या कर्जाचे हप्ते होते. हे आजवर कुणाला लिहिलं नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमने पंधरा सेवांचे दर भिंतीवर लावायचे, असा नियम आहे. तुमच्याकडचा फलक कुंडीमागे आहे, तूच सांगितलंस. कुंडी हलवायला कुणाची परवानगी लागते?

सर रागावतील, हे मला सांगू नकोस. रागावू देत. उद्या राउंडला त्या बाईंना अंदाज लिहून दे. मराठीत, कागदावर, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. दोन-चार हजार इकडेतिकडे झाले तर मला फोन कर, आपण बघू कुठे चुकलं ते.