तणनाशक मारूनही लव्हाळा का वाढतो?

प्रश्न : भारी काळ्या रानात आठ वर्षं ऊसच आहे, लागण आणि तिच्या बुडख्यांतून फुटलेले दोन खोडवे. लागणीनंतर दरवेळी अॅट्राझीन किंवा मेट्रिब्युझिन मारतो. घोळ, माठ ही तणं आता दिसत नाहीत, पण लव्हाळ्यानं सरी भरून गेल्यात. औषध बदलू का?
– एक शेतकरी, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : औषधाआधी पीक बदला. ही दोन्ही तणनाशकं मुख्यतः बियांपासून उगवणारं कोवळं तण मारतात. लव्हाळा येतो गाठींपासून, आणि गाठीतल्या साठ्यावर पुन्हा फुटतो. घोळ-माठ गेल्यावर त्याच्या वाट्याचं खाणारं कुणी उरलं नाही. त्यात उसाची पानं सरी झाकायला तीन-चार महिने घेतात. तोवरचं ऊन, पाणी, खत त्यालाच आयतं मिळतं.

रोटाव्हेटर वारंवार फिरत असेल तर तेही थांबवा. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. टोकाची फुटली की मागच्या दबून राहतात. पाती माळ तोडतात आणि दबलेली गाठही कोंभ काढते. यंत्राला चिकटलेल्या चिखलातून त्याच गाठी शेजारच्या रानातही जातात.

शेवटचा खोडवा निघाला की मार्च-एप्रिलमध्ये खोल नांगरट करा, ढेकळं तशीच तापू द्या आणि रानाला पाणी अजिबात देऊ नका. तीन-चार आठवड्यांनी आडवी नांगरट करा. वर आलेल्या गाठी सुकून मरतात. मधेच एक पाणी दिलंत तर ही मेहनत वाया जाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकरी 20-25 किलो ताग हिरवळीच्या खतासाठी दाट पेरा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. ताग 45-50 दिवसांनी, फुलोऱ्यावर येताना गाडा. मग रब्बीत हरभरा घ्या, ऊस त्यानंतर.

उभ्या उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के हे एकरी 36 ग्रॅम, 150 लिटर पाण्यातून, वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, फवारा. लव्हाळा तीन ते पाच पानांवर हवा. तो पिवळा पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. इथंच बहुतेकांची गफलत होते : औषध लागलं नाही असं समजून भांगलण (खुरपणी) करतात, आणि औषध गाठीपर्यंत उतरण्याआधीच पाला निघून जातो. सोयाबीन, भुईमूग किंवा कांद्याचं आंतरपीक असेल तर हे औषध मारू नका, आंतरपीक जळेल.

प्रश्न : ज्वारीवर ज्वारी घेतो. काही पट्ट्यांत ताटं पिवळी पडतात, बुडाशी टारफुला, हे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण, दिसतो. उपटला तर भागेल का?

उत्तर : यंदाच्या पिकाचं नुकसान टळणार नाही, टारफुला वर दिसण्याआधीच मुळातून रस ओढत असतो. तरीही फुलं यायच्या आत उपटाच, कारण त्याचं धुळीएवढं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. त्या रानात दोन-तीन हंगाम कापूस, सोयाबीन किंवा भुईमूग घ्या. त्यांच्या मुळांच्या स्रावानं टारफुल्याचं बी रुजतं, पण मुळात शिरता न आल्यानं मरतं. नत्र कमी असलेल्या रानात तो जास्त माजतो, म्हणून ज्वारीला नत्र खताचा हप्ता चुकवू नका.