चॅम्प जरूर घ्या, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर कोणाला उघडू देऊ नका

देवळाली कॅम्पातील एका बंगल्यात १९७२ च्या सुमाराचा फेंडर चॅम्प, म्हणजे गिटारचा छोटा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प, विकायला आहे, तो ११७ व्होल्टचा आहे, सातपूरच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून त्याचे दोन्ही ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेवर चालतील असे करून घ्यावेत का, आणि कमी आवाजात डिस्टॉर्शन (फाटका, करकरीत सूर) मिळावे म्हणून आत आणखी एक प्रीअँप टप्पा (सूर आधी वाढवून घेणारी पायरी) बसवावा का, असे आपण विचारले आहे. हा प्रश्न वाचून मला राहवले नाही, कारण यातला पहिला उद्योग मी ११ वर्षांपूर्वी नाशिकमध्येच केला होता आणि त्याची भरपाई आजही पूर्ण झालेली नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी शिकलेला अभियंता नाही, गिटार वाजवणारा आणि गरजेपोटी हत्यारे हाती घेतलेला माणूस आहे. या ॲम्पच्या आत ३५० व्होल्टच्या आसपास डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आणि मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालू नये. सोल्डरिंग आणि मल्टिमीटर आपल्याला येतात हे आपल्या लिहिण्यावरून दिसते, म्हणून ते सोडून देतो.

माझाही चॅम्पच होता: सूर वाढवणारा व्हॉल्व्ह एक १२एएक्स७, स्पीकर चालवणारा पॉवर व्हॉल्व्ह एक ६व्ही६जीटी, एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ५वाय३जीटी आणि आठ इंची स्पीकर. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउनचा जड डबा प्रत्येक कार्यक्रमाला उचलून न्यावा लागतो याचा मला कंटाळा आला होता. म्हणून मी पॉवर ट्रान्सफॉर्मर काढून एका रिवाइंडिंगच्या दुकानात दिला. तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावले असते. दुकानदार म्हणाला, "हा दुसराही तितकाच जुना आहे, आता सगळे सुटेच आहे तर तोही नवा करून देतो." मी हो म्हणालो. हा दुसरा म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, जो पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मध्ये असतो आणि ज्याचा भिंतीतल्या विजेशी संबंध नसतो. त्यात कसलाही दोष नव्हता. मी तो तपासलासुद्धा नव्हता. जुने वाइंडिंग कापून तांब्याच्या भंगारात गेले, आणि ते कापण्यापूर्वी थर कोणत्या क्रमाने रचले होते याची नोंद कोणीही केली नाही.

ॲम्प जोडल्यावर आवाज आला, गुणगुणही नव्हती, म्हणून मी पैसे देऊन घरी आलो. पण जाड ईची तार पोकळ आणि पातळ वाजू लागली आणि व्हॉल्यूम चारच्या पुढे नेला की सूर खुलण्याऐवजी गुदमरू लागला. मी आधी स्पीकरला दोष दिला आणि नवा आणला. मग ६व्ही६ला दोष दिला आणि दोन नव्या आणल्या. असे आठ महिने गेले. अखेर भद्रकालीत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध काकांकडे मी तो घेऊन गेलो. त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची कड फक्त नखाने चाचपली आणि विचारले, "गॅपचा कागद कुठे गेला?"

हे आपण नीट समजून घ्यावे, कारण सगळे मर्म इथेच आहे. चॅम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्ह एकच असल्यामुळे त्याचा सुमारे ४० मिलिअँपिअरचा डीसी करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमधून) सतत एकाच दिशेने वाहत असतो. त्यामुळे लोखंडी गाभा कायम एका बाजूला चुंबकित राहतो. तो चुंबकत्वाने पूर्ण भरून जाऊ नये म्हणून ई आकाराची सगळी स्टॅम्पिंग एका बाजूने आणि आय आकाराची सगळी दुसऱ्या बाजूने रचतात आणि दोहोंच्या मध्ये कागदाची बारीक फट ठेवतात. विजेच्या साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र हीच स्टॅम्पिंग आलटून-पालटून, घट्ट, फट न ठेवता भरायची असतात, आणि वाइंडिंगवाल्याचा हात त्याच कामावर बसलेला असतो. त्याने आपल्या परीने उत्तम, घट्ट काम केले होते आणि त्यामुळेच खालचे सूर मेले होते. प्रिन्स्टन किंवा डिलक्ससारख्या दोन पॉवर व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये दोन्ही बाजूंचे डीसी करंट एकमेकांना छेद देतात, म्हणून तिथे ही फट लागत नाही. एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या रेडिओत मात्र ती असते, म्हणून काकांना ते नखाने कळले आणि मोटारी भरणाऱ्याला कळायचे कारण नव्हते. चूक माझी होती: ज्याला हे काम ठाऊक नाही त्याच्या हाती मी ते दिले.

काकांनी स्टॅम्पिंग उपसून पुन्हा रचली, मध्ये कागद घातला आणि जाड तारेचा भरदार आवाज बराचसा परत आला. वरच्या सुरांची चमक मात्र आली नाही, कारण वाइंडिंगची मूळ रचनाच नष्ट झाली होती. म्हणून शेवटी परदेशातून नवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मागवावा लागला.

तो पार्सलमध्ये दोन सुट्या व्हॉल्व्हसह आला आणि एका कार्यालयात सात आठवडे अडकून पडला. कार्यालयाचे नाव घेत नाही. पाठवणाऱ्याने कागदावर नुसते "व्हॉल्व्ह" लिहिले होते आणि तिथल्या माणसाने तो पाइपलाइनचा व्हॉल्व्ह धरून औद्योगिक वापराचे प्रमाणपत्र मागितले. पंचवटी एक्स्प्रेसने मी तीनदा मुंबईला गेलो. प्रत्येक खिडकीवर वेगळा कागद मागितला गेला आणि लेखी उत्तर एकदाही मिळाले नाही. ज्यांच्यासमोर वस्तू उघडून ठेवली आहे त्यांनी ती काचेची नळी आहे की पितळी तोटी आहे एवढे तरी पाहावे, ही माझी अपेक्षा तेव्हाही अवाजवी नव्हती आणि आजही नाही. यातून एक उपयोगी गोष्ट मात्र शिकलो. पाठवणाऱ्याला बिलावर "इलेक्ट्रॉन ट्यूब, ध्वनिवर्धकासाठी" असे स्पष्ट लिहायला सांगावे आणि सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचा क्रमांकही टाकायला लावावा. अशा नळ्या ८५४० खाली येतात, तोट्या आणि पाइपचे व्हॉल्व्ह ८४८१ खाली, तर ट्रान्सफॉर्मर ८५०४ खाली. शुल्काचे दर बदलत असतात, ते त्या वेळी पाहावेत.

आता आपल्या ॲम्पबद्दल. आधी त्यावर निर्यातीचा, म्हणजे २३० किंवा २४० व्होल्टचे टॅप (जोडणीची टोके) असलेला ट्रान्सफॉर्मर नाही ना, हे पाहावे. असेल तर निम्मा प्रश्न तिथेच संपतो. नसेल तर मूळ पॉवर ट्रान्सफॉर्मर तसाच ठेवून बाहेर स्टेपडाउन लावणे हाच मार्ग मला योग्य वाटतो. मात्र त्यात एक बारकावा आहे, जो दुकानात कोणी सांगत नाही. गाभ्यावर पडणारा ताण व्होल्टेजला फ्रीक्वेन्सीने भागून ठरतो. अमेरिकेत ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, म्हणजे १.९५. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तेच ११७ व्होल्ट दिले तर हा आकडा २.३४ होतो, म्हणजे ताण २० टक्क्यांनी वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. १०० व्होल्ट दिले तर गाभ्याला जवळपास मूळचीच स्थिती मिळते, पण व्हॉल्व्हचे फिलामेंट (आतली तापणारी तार) ६.३ ऐवजी ५.४ व्होल्टवर उपाशी राहते. ११० व्होल्टला फिलामेंट ५.९ वर येते, ते १० टक्क्यांच्या मर्यादेत बसते आणि गाभ्यावरचा ताणही सोसण्याइतका राहतो. माझ्या घरी रात्री उशिरा २४५ व्होल्ट दिसलेले आहेत, आणि तसे झाले की ११० चा स्टेपडाउन ११७ देऊ लागतो. म्हणून १०० आणि ११० असे दोन टॅप असलेला, १५० व्हीएचा स्टेपडाउन बनवून घ्यावा. हे काम त्याच सातपूरच्या वाइंडिंगवाल्याला जरूर द्यावे. यात तो खरा तरबेज असतो. फक्त दोन स्वतंत्र वाइंडिंग असलेलाच मागावा. एकाच वाइंडिंगचा ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि हलका असतो, पण त्याची खालची जोडणी तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट सरळ ॲम्पमध्ये शिरतात.

बाकीची कामे थोडक्यात सांगतो. दोन पिनांची वायर असेल तर तीन पिनांची घालून अर्थ चासीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) स्वतंत्र बोल्टने बांधावी. मेन्सपासून चासीला जोडलेला कंडेन्सर असेल तर तो काढून टाकावा, कारण तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांवर वीज येते. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर ५० वर्षांचे असतील तर ते न विचारता बदलावेत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. मी ते केले नाही म्हणूनच हे लिहीत बसलो आहे.

जादा टप्प्याबद्दल माझे मत ठाम आहे, इतरांचे वेगळे असू शकते. चासीला भोक पाडून नवा सॉकेट बसवू नये. जागा अपुरी असते, तारा जवळजवळ येतात, शिट्टी आणि गुणगुण सुरू होते, आणि पाडलेले भोक कधी बुजत नाही. कमी आवाजात डिस्टॉर्शन हवे असेल तर पुढे पेडल लावावा किंवा स्पीकरच्या आधी अटेन्युएटर (आवाज उतरवणारा डबा) बसवावा. निगेटिव्ह फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा भाग मागे आणून सूर आवरणाऱ्या) रेझिस्टरचे एक टोक सोडवून पाहिले तरी ॲम्पचा स्वभाव बराच बदलतो, आणि नको वाटले तर पाच मिनिटांत पूर्ववत होतो. उलट स्वच्छ सूर हवा असेल तर १२एएक्स७च्या जागी ५७५१ लावावी. तिचा सूर वाढवण्याचा गुणक १०० ऐवजी ७० आहे. स्पीकरचा कागद नाजूक असेल तर तो जपून ठेवून बाहेर चार ओहमचा कॅबिनेट जोडावा, पण स्पीकर न जोडता ॲम्प एक क्षणही वाजवू नये.

नाशिकच्या पावसाळ्याचीही एक सूचना. फेंडरच्या आतला काळा फायबर बोर्ड ओल धरतो आणि मग कुरकुर सुरू होते. आषाढ-श्रावणात अशी कुरकुर आली तर लगेच भाग बदलू नयेत. हेअर ड्रायरने बोर्ड मंद उबेवर वाळवून पाहावा.

खरेदीला जाताना सिरीज बोर्ड (विजेच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड) आणि मीटर सोबत न्यावेत. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर पुढचा एक आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि नंतरचे दोन आठवड्याचे असतात. पोटेन्शिओमीटरवर (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागावर) १३७ नंतर वर्षाचे दोन आकडे असतात. दोन्ही जुळले तर ट्रान्सफॉर्मर मूळचा असण्याची शक्यता मोठी आहे. ॲम्प बंद असताना आणि कंडेन्सर उतरवल्यावर आउटपुटच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजावा. तो काहीशे ओहम असावा. अनंत दाखवला तर वाइंडिंग तुटलेले आहे आणि किंमत त्या हिशेबाने बोलावी. ॲम्प सुरू झाल्यावर ६व्ही६च्या कॅथोडवरचे व्होल्ट तिथल्या रेझिस्टरच्या ४७० ओहमने भागले की करंट मिळतो. त्याला प्लेट आणि कॅथोड यांच्यातल्या व्होल्टनी गुणावे. उत्तर १४ वॉटच्या फार पुढे जाऊ नये.

आणि बंगल्यातली मंडळी "चालतो की, लावून दाखवतो" असे म्हणून भिंतीच्या सॉकेटकडे निघाली तर त्यांना नम्रपणे थांबवावे. इतकी वर्षे बंद असलेल्या त्या ॲम्पला पहिली वीज स्टेपडाउनमधून आणि १०० वॉटच्या सिरीज बल्बमधूनच मिळाली पाहिजे. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जावे, तसाच लखलखत राहिला तर त्याच क्षणी प्लग काढावा. माझा सिरीज बोर्ड घरी पडूनच असतो, आपल्याला हवा असेल तर रविवारी घेऊन येतो.