बायपोलर असलेल्या बहिणीला साधा नकारही इतका का लागतो?

फोन उचलला नाही तर बहीण दिवसभर रडते, हा बायपोलरचाच (कधी नैराश्य, कधी अतिउत्साह अशी टोकं गाठणाऱ्या मानसिक आजाराचाच) भाग का, असं तुम्ही विचारलंय. बायपोलरच्या निदानाचं लक्षण म्हणून नाही. पण डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत (२०१३) नकार फार लागणं हे ‘अ‍ॅटिपिकल’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या लक्षणांच्या, नैराश्याचं लक्षण धरलंय, आणि तसं नैराश्य बायपोलरमध्येही येतं. नैराश्य ओसरलं तरी हा हळवेपणा मागे उरू शकतो, म्हणून घरच्यांना तो निव्वळ स्वभाव वाटतो.

माझ्या भावाचं सांगतो. ब्लू टिक दिसली आणि उत्तर नाही, की ‘मी नकोसा झालोय’ हे त्याच्या डोक्यात पक्कं. वहिनी म्हणायची, “अहो, कुकर लावत होते!” पण पटेल तर शपथ. आता ती एवढंच लिहिते: ‘कामात आहे, ९ ला फोन करते.’ वेळ कळली की त्याचा निम्मा जीव भांड्यात पडतो. “एवढं काय मनाला लावून घेतेस” हे मात्र चुकूनही म्हणू नका.

हे सगळं तिच्या डॉक्टरांना जरूर सांगा. गोळ्या परस्पर कमी-जास्त नकोत. जीव द्यायची भाषा आली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.