गालावरचे वांग आणि मैत्रिणीची ट्यूब

प्रश्न : डॉक्टरताई, वय ३८. दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर वांग आले. मैत्रिणीने सुचवलेली ट्यूब चार महिने लावली. चेहरा उजळला, पण बंद केल्यावर आठवड्यात डाग आणखी गडद झाले. उन्हात चेहरा लाल होऊन चुरचुरतो. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ट्यूबच्या खोक्याचा फोटो पाठवलात, बरं केलंत. त्यावर बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन लिहिलंय. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. या तिन्हींचं मिश्रण वांगावर आम्हीही देतो, पण मोजके आठवडे, फक्त डागावर आणि रात्री. चार महिने क्रीमसारखं चोपडायला नव्हे! तुमची चुरचुर त्याचीच. ती ट्यूब पुन्हा सुरू करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना खोकं दाखवा; आधी चेहरा शांत करू, डागांचं नंतर. तेव्हा बहुधा अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडसारखं सौम्य काही मिळेल.

तोवर सनस्क्रीन. एसपीएफ ३० च्या वरचं, शक्यतो त्वचेच्या रंगाचं. त्या रंगातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांग गडद व्हायला तोही पुरतो. दोन बोटांवर पट्टी ओढा, तेवढं चेहरा-मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावून ‘उपयोग नाही’ म्हणणारे रोज भेटतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा, वर छत्री घ्या.

लिंबू चोळत असाल तर थांबवा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तेही सांगा, त्यांनीही वांग वाढतात.