पाच हजार लिंका विकत घ्याव्यात का?

प्रश्न : सावईवेऱ्याला आमच्या कुळागरात दोन खोल्यांचा होमस्टे आहे. ‘तुमच्या साइटची डोमेन अथॉरिटी फक्त ९ आहे, पंधरा हजारांत पाच हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइट्सवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका, देऊन ती ४० करतो,’ असं एक जण म्हणतोय. पैसे द्यावेत का? पक्षी पाहायला आलेल्या एका गटाने आमच्यावर लिहिलेला लेखही सोबत पाठवतोय.
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : देऊ नका. डोमेन अथॉरिटी हा गूगलचा आकडा नव्हेच. मॉझ नावाच्या कंपनीने १ ते १०० मध्ये बांधलेला तो अंदाज आहे. अशाच दुसऱ्या कंपन्यांचे आकडे आणखी निराळे : एचरेफ्सचा ‘डोमेन रेटिंग’ वेगळा, मॅजेस्टिकचा ‘ट्रस्ट फ्लो’ वेगळा. शोधनिकालांचा क्रम लावताना गूगल यातलं काहीच वापरत नाही.

लिंकांमागचा मुळातला विचार मात्र पक्का आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये मांडलेला पेजरँक, म्हणजे पानांचं महत्त्व मोजायची पद्धत, म्हणतो, लिंक म्हणजे शिफारस. शिफारस करणाऱ्याचं वजन जेवढं, तेवढं तिचं मोल. शिवाय ते वजन त्या पानावरच्या सगळ्या लिंकांत वाटलं जातं. पाचशे नावांच्या यादीत तुमच्या वाट्याला काय येणार?

म्हापशाच्या माझ्या एका काजूवाल्या गिऱ्हाइकाने अशाच लिंका घेतल्या होत्या. यादी उघडली तर लिंका चार हजारांवर, साइट्स मात्र मोजून अकरा. एका पानावर ऑनलाइन जुगार, त्याखाली वजन घटवायच्या गोळ्या आणि मधेच या माणसाचं वडिलोपार्जित दुकान. फार वाईट वाटलं मला. विकतच्या लिंका गूगलच्या नियमांत बसत नाहीत; गूगलने २०१२ साली क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ बदलात अशा कित्येक साइट्स खाली घसरल्या.

तुम्ही सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमधला ‘लिंक्स’ अहवाल उघडा. एकूण लिंका सोडा, वेगवेगळ्या साइट्स किती ते मोजा आणि एकेक उघडून वाचा. लिंक मजकुराच्या ओघात आहे की तळाशी चिकटवलेली? आकडा ताडायचाच असेल तर आसपासच्या होमस्टेंशी, एकाच टूलवर ताडा. नऊला घाबरू नका. ही मोजपट्टी वर जाईल तशी अवघड होत जाते.

तुमची साइट पाहिली. भाडं आणि फोन नंबर, एवढंच आहे. पोफळीवर चढलेल्या मिरीच्या वेली, पाटाचं पाणी, कुठल्या महिन्यात कोणते पक्षी येतात, हे सगळं लिहा. आणि त्या गटाचा लेख पुन्हा पाहा : तुमच्या होमस्टेचं नाव तीनदा आलंय, लिंक एकदाही नाही. त्यांना आजच मेल करून ती मागा.