केमिकल कमी, मग रिपोर्टमध्ये का दिसत नाही?

“मॅडम, मेंदूतलं केमिकल कमी झालंय म्हणतात. मग किती कमी झालंय ते तपासूनच टाकू की!” काकांनी लॅबच्या पॅकेजचा कागद पुढे सरकवला. निवृत्त विज्ञान शिक्षक. शेजारी तिशीतला मुलगा, मान खाली. (ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले आहेत.) सायकियाट्रिस्टांनी दिलेली नैराश्याची गोळी त्याने आठवडाभरातच बंद केली होती. फरक शून्य, वर मळमळ, आणि आईचा धोशा, “एकदा सवय लागली की सुटायची नाही.”

‘केमिकल कमी’ हे मला मुळीच पटत नाही. नैराश्य म्हणजे टाकीतलं पाणी आटणं नव्हे. लोक ज्याला ‘केमिकल’ म्हणतात ते सेरोटोनिन, चेतापेशींमधला निरोप नेणारं रसायन. शरीरातलं बहुतेक, सुमारे ९० टक्के, सेरोटोनिन आतड्यात असतं आणि रक्तातलं मेंदूत शिरत नाही. त्यामुळे त्या आकड्यावरून मेंदूचं काहीच कळत नाही. थायरॉईड, बी-१२ डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर करा, म्हटलं. बाकी पैसे वाचवा.

मग त्याच कागदाच्या पाठीवर दोन चेतापेशींची टोकं काढली. मधली फट जेमतेम २० नॅनोमीटर. विजेचा संदेश टोकाशी आला की कॅल्शियम आत शिरतं, बारीक पिशव्या उघडतात, सेरोटोनिन फटीत उतरतं आणि पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसतं. काम झालं की पहिली पेशी ते परत ओढून घेते. ही गोळी ते ओढणं रोखते.

“पण नसांचं काम विजेवर चालतं ना?” काका. त्यांना १९२१ सालचा ऑटो लोवी या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला: एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाला येणारी) चेतवली, ठोके मंदावले, त्यातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावलं. म्हणजे नस रसायन सोडते. “आयुष्यभर पोरांकडून बेडूक फाडून घेतले, पण हे नाही सांगितलं,” काका खुलले.

ओढणं काही तासांतच रोखलं जातं, पण ग्राहक आणि पेशी जुळवून घ्यायला वेळ घेतात. फरक जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात. मळमळ बहुधा आधीच ओसरते. या गोळ्यांची नशेसारखी ओढ लागत नाही. मात्र एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके जाणवू शकतात. त्यालाच लोक सवय समजतात. म्हणून डोस उतरवायचा तो डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

“म्हणजे पुन्हा सुरू करू?” मुलगा पहिल्यांदाच बोलला. ते डॉक्टर ठरवतील, म्हटलं, आणि तिथूनच फोन लावून वेळ घेतली. सुरू झाल्यावर अस्वस्थता वाढली किंवा जीव द्यावासा वाटला, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं, हे काकांनाही बजावलं.