पणजोबांच्या फोटोचं साल काढताना

पणजोबा मराठा पलटणीत होते आणि फोटो गणवेशातला असेल, तर चेहरा नंतर बघा. आधी भिंग घेऊन खांद्यावरची पितळी अक्षरं-आकडे वाचा. 103, 110, 117 असा पलटणीचा तीन आकडी नंबर दिसला तर फोटो बहुधा 1922 च्या आधीचा. त्या साली या जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली. बिल्ल्यावर राजमुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर फोटो प्रजासत्ताकानंतरचा.

पदकांनी मात्र मी एकदा सपशेल फसलोय. पहिल्या महायुद्धाची पदकं पाहून बिनधास्त 1919 लिहून टाकलं, आणि शेजारीच बर्मा स्टार, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचं पदक, लटकत होतं! म्हणजे 1945 च्या आधीचा फोटो असूच शकत नाही. सगळ्यात उशिराची खूण धरा. फ्रेम उघडून फोटोची पाठही बघा, स्टुडिओचा शिक्का सापडतो कधीकधी.